पायथनमधून सुरक्षित सॉकेट : देवगडच्या बागेतून सर्व्हरपर्यंत

डिसेंबर-जानेवारीत हापूसच्या कलमांना मोहोर येतो तेव्हा बागायतदाराचं लक्ष दोन आकड्यांवर असतं : रात्रीचं तापमान आणि हवेतली आर्द्रता. थंडी नीट पडली तर मोहोर चांगला फुटतो. ढगाळ, दमट हवा राहिली तर तुडतुडे वाढतात, भुरी धरते आणि फवारणीचं गणित बदलतं. समजा, देवगड तालुक्यातल्या एका घराच्या पडवीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय') ठेवला आहे. तो दर दहा मिनिटांनी हे आकडे मोजतो, मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाला ते फोनवर दिसतात, आणि मुलगा तिथून विहिरीवरचा पंप चालू-बंद करू शकतो. एवढी गरज डोळ्यांपुढे ठेवून पायथनमध्ये सुरक्षित सॉकेट जोडणी कशी उभी करायची ते पाहू. सॉकेट म्हणजे नेटवर्कवर बोलणाऱ्या दोन प्रोग्रामांमधल्या जोडणीचं एक टोक.

पायथनमधली फंक्शनं, लूप आणि 'विथ' ब्लॉक येतात, पण सॉकेटला कधी हात लावला नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे. पायथन ३.१० किंवा त्यापुढचं घ्या. त्या आवृत्तीपासून टीएलएस १.२ च्या खालचे जुने प्रोटोकॉल आपोआप बंद असतात. टीएलएस म्हणजे जोडणी सुरक्षित करणारे नियम, म्हणजेच प्रोटोकॉल. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत लिहा, अंडरस्कोअर आणि टिंबं जशीच्या तशी ठेवा. पूर्ण मोठ्या अक्षरांतली नावं आली की तसं सांगेन.

एक गोष्ट आधीच सांगतो. फक्त आकडे वर पाठवायचे असतील तर कच्च्या सॉकेटच्या वाटेला जाऊ नका, साधी एचटीटीपीएस विनंती पुरते. उपकरणं बरीच असतील तर एमक्यूटीटी हा उपकरणांच्या छोट्या निरोपांसाठीचा प्रोटोकॉल घ्या, त्याचा टीएलएसचा ठरलेला पोर्ट (यंत्रावरच्या सेवेचा दार-क्रमांक) ८८८३ आहे. पण या दोन्हींच्या पोटात हेच सॉकेट असतं, आणि रेंज जाते-येते तेव्हा आत काय बिनसतं ते कळायला एकदा तरी स्वतःच्या हाताने ते उघडून पाहावं लागतं.

सुरक्षा नेमकी कशाची

बागेतलं तापमान काही गुपित नाही. शेजारच्या वाडीतल्या कोणी ते वाचलं तरी बिघडत नाही. पण 'पंप चालू' हा हुकूम भलत्याच कोणी दिला तर विहीर उपसली जाईल आणि मोटर जळेल. टीएलएस तीन गोष्टी देतं : मजकूर वाटेत वाचता येत नाही, वाटेत बदलला तर ते उघडकीला येतं, आणि पलीकडे कोण आहे याची खात्री होते. नवशिके पहिल्या दोन्हींवर खूश होतात आणि तिसरीत काही चूक आली की ती तपासणीच बंद करून टाकतात. आंब्याची पेटी खिळे ठोकून, दोरीने आवळून मुंबईला पाठवली, पण तिथे उतरवून घेणारा माणूस आपला की परका हे पाहिलंच नाही, तर खिळ्यांचा उपयोग काय? पलीकडच्याची ओळख न पटवता केलेलं एन्क्रिप्शन म्हणजे चोराशी खाजगीत बोलणं. या लेखातली बहुतेक मेहनत त्या तिसऱ्या गोष्टीसाठी आहे.

पायथनच्या मॉड्यूलचं नाव 'एसएसएल' असलं तरी ते आज टीएलएस बोलतं. एसएसएल ३.० वर २०१४ मध्ये पूडल नावाचा हल्ला उघड झाला आणि २०१५ मध्ये तो प्रोटोकॉल अधिकृतपणे मोडीत निघाला. टीएलएस १.० आणि १.१ ची तीच गत २०२१ मध्ये झाली. सध्याचा टीएलएस १.३ हा ऑगस्ट २०१८ चा. त्याच्या सुरुवातीच्या हस्तांदोलनाला, म्हणजे हँडशेकला, एकच फेरी लागते, तर १.२ ला दोन. मुंबईतल्या फायबरवर हा फरक जाणवत नाही. एका काडीच्या रेंजवर चांगलाच जाणवतो.

पायरी १ : जोडणी कोणी सुरू करायची

मुंबईतून घरच्या पायला जोडायचं, असं सहज मनात येतं. ते बहुधा जमत नाही. मोबाइल डेटावर, आणि अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवरही, कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देते. बाहेरून आलेली जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे दिशा उलटी करा. एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्या. पाय त्याला जोडणी करेल, मुलाचा फोनही त्यालाच जोडेल. पायने एकदा जोडणी केली की तिच्यातून दोन्हीकडून बोलता येतं, म्हणजे पंपाचा हुकूमही त्याच वाटेने खाली येतो. घरच्या राउटरवर एकही पोर्ट उघडावा लागत नाही, हा वरचा फायदा.

पायरी २ : आधी दुसऱ्याच्या सर्व्हरवर सराव

स्वतःचा सर्व्हर उभा करण्याआधी एखाद्या तयार संकेतस्थळाला जोडून पाहा. पायथन डॉट ऑर्ग चालेल, पोर्ट ४४३. 'सॉकेट' आणि 'एसएसएल' ही दोन मॉड्यूलं इम्पोर्ट करा. दोन्ही पायथनसोबतच येतात, वेगळं काही बसवायचं नाही. मग तीन ओळी.

पहिली : 'एसएसएल.क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्ट()' हाक मारा आणि मिळालेली वस्तू 'कॉन्टेक्स्ट' नावाच्या चलात ठेवा. कोणावर विश्वास ठेवायचा आणि कोणते प्रोटोकॉल चालतील, हे सगळे नियम या वस्तूत असतात. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. ते तपासणं आणि नाव जुळवणं दोन्ही चालू अवस्थेत मिळतं. त्याला हात लावू नका.

दुसरी : 'सॉकेट.क्रिएट_कनेक्शन' ला होस्टचं नाव आणि पोर्ट यांची जोडी द्या, आणि सोबत 'टाइमआउट' दहा सेकंद. टाइमआउट न देणं ही सर्रास आढळणारी चूक. रेंज अर्धवट गेली की प्रोग्राम तासन्तास तसाच अडकून राहतो आणि लॉगमध्ये काही दिसत नाही.

तिसरी : 'कॉन्टेक्स्ट.रॅप_सॉकेट' ला ते कच्चं सॉकेट द्या आणि 'सर्व्हर_होस्टनेम' मध्ये तेच नाव पुन्हा द्या. हे नाव दोन कामांना लागतं : एका यंत्रावर अनेक डोमेन असतील तर सर्व्हरला योग्य सर्टिफिकेट निवडता येतं, आणि आलेल्या सर्टिफिकेटवर तेच नाव आहे का हे पायथनला पडताळता येतं. हँडशेक याच ओळीत होतो. दुसरी आणि तिसरी ओळ 'विथ' मध्ये गुंडाळा, म्हणजे काहीही झालं तरी सॉकेट बंद होईल.

आता त्या सुरक्षित सॉकेटवर 'व्हर्जन()' विचारा. 'टीएलएसव्ही१.३' असं उत्तर बहुतेक ठिकाणी येईल. 'गेटपीअरसर्ट()' विचारलंत तर सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं, कोणी दिलं आणि कधी संपतं ते डिक्शनरीत मिळेल. त्यातल्या वेळा जीएमटीत असतात. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवा.

जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत 'एसएसएल.रॅप_सॉकेट', म्हणजे कॉन्टेक्स्टशिवाय थेट मॉड्यूलमधलं फंक्शन वापरलेलं दिसेल. मुळात ते काहीच तपासत नसे. पायथन ३.१२ मध्ये ते काढून टाकलं आहे. त्यामुळे तसा कोड उचललात तर निदान तो चालणार तरी नाही.

पायरी ३ : सर्व्हरसाठी सर्टिफिकेट

डोमेन विकत घेतलं असेल तर लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून सर्टिफिकेट फुकट मिळतं. त्यासाठी सर्टबॉट हा प्रोग्राम सर्व्हरवर बसवा. नेहमीच्या पद्धतीत डोमेन तुमचंच आहे हे पडताळायला पोर्ट ८० बाहेरून उघडा लागतो. सर्टिफिकेट ९० दिवस चालतं आणि सर्टबॉट ते वेळेत नवं करतो. पण चालू असलेला तुमचा पायथन प्रोग्राम मात्र जुनंच सर्टिफिकेट मेमरीत धरून बसतो. नूतनीकरणानंतर प्रोग्राम पुन्हा सुरू होईल असा हुक सर्टबॉटला जोडून द्या. नाहीतर ऐन मोहोरात एके सकाळी सगळं बंद दिसेल आणि कोडमध्ये तर काहीच बदललेलं नसेल.

सर्टबॉट अनेक फाइली ठेवतो. तुम्हाला दोन हव्यात : 'फुलचेन.पेम' आणि 'प्रिव्हकी.पेम'. नुसती 'सर्ट.पेम' दिलीत तर काही ब्राउझर मधली कडी, म्हणजे तुमचं सर्टिफिकेट मूळ सर्टिफिकेटशी जोडणारं सर्टिफिकेट, स्वतः शोधून चालवून घेतात, पायथन घेत नाही. खाजगी किल्लीची फाइल ('प्रिव्हकी.पेम') ज्या युझरने प्रोग्राम चालतो त्यालाच वाचता येईल अशी ठेवा, आणि ती गिटमध्ये कधीही टाकू नका.

डोमेन नसेल आणि सगळं घरातल्या वायफायवरच चालवायचं असेल, तर स्वतःचा छोटा प्रमाणपत्र-अधिकारी, म्हणजे सर्टिफिकेटं देणारा, बनवता येतो. एमकेसर्ट हे साधन ते सोप्यात करतं. त्याने तयार केलेलं मूळ सर्टिफिकेट पायवर नेऊन ठेवा आणि 'क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्ट' ला 'सीएफाइल' म्हणून त्याचा मार्ग द्या. असं केलंत की ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेहमीच्या यादीऐवजी फक्त याच एका अधिकाऱ्यावर विश्वास ठेवला जातो, आणि आपल्याला तेच हवं आहे. मूळ अधिकाऱ्याची खाजगी किल्ली मात्र पायवर नेऊ नका. पायथन ३.१३ पासून ही तपासणी आणखी काटेकोर झाली आहे. जुन्या पद्धतीने हाताने बनवलेली, काही विस्तार-नोंदी गाळलेली सर्टिफिकेटं तिथे नाकारली जातात. अशा वेळी तपासणी सैल करू नका, सर्टिफिकेट नव्याने बनवा.

पायरी ४ : सर्व्हर

सर्व्हरच्या बाजूला कॉन्टेक्स्ट करताना 'एसएसएल.पर्पज.क्लायंट_ऑथ' द्यावं लागतं. इथे पर्पजचा प मोठा आणि पुढचे दोन शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत. हे नाव वाचून 'क्लायंटसाठीचा कॉन्टेक्स्ट' असा गैरसमज होतो. अर्थ उलटा आहे : समोरून क्लायंट येणार आहेत, म्हणून हा सर्व्हरचा. मग 'लोड_सर्ट_चेन' मध्ये वरच्या दोन फाइली द्या. पोर्ट १०२४ च्या वरचा घ्या, म्हणजे रूट अधिकार लागत नाहीत. आपण ८४४३ धरू. भाड्याच्या यंत्राच्या फायरवॉलमध्ये तो उघडा, आणि सर्टबॉटसाठीचा पोर्ट ८० उघडा राहू द्या.

ऐकणाऱ्या, म्हणजे नव्या जोडण्यांची वाट पाहणाऱ्या, सॉकेटलाच 'रॅप_सॉकेट' लावून 'ॲक्सेप्ट' करत बसणं ही पाठ्यपुस्तकी पद्धत बागेच्या कामाची नाही. त्यात 'ॲक्सेप्ट' च्या पोटातच हँडशेक होतो. एखाद्या क्लायंटने जोडणी केली आणि लगेच त्याची रेंज गेली, तर सर्व्हर त्याची वाट पाहत थांबतो आणि बाकी सगळे रांगेत अडकतात. किनाऱ्यावर हे रोजचं आहे. म्हणून पायथनच्याच असिंकआयओ मॉड्यूलमधलं 'असिंकआयओ.स्टार्ट_सर्व्हर' वापरा आणि त्याला 'एसएसएल' म्हणून कॉन्टेक्स्ट द्या. प्रत्येक जोडणी स्वतंत्र चालते, आणि हँडशेक रखडला तर ठरावीक वेळाने, मुळात ६० सेकंदांनी, तो आपोआप सोडला जातो. तुमच्या हँडलरला एक 'रीडर' आणि एक 'रायटर' मिळतो, बाकी कोड साध्या फाइल वाचण्यासारखा दिसतो.

सर्व्हर उभा राहिला की आधी पायथनने तपासू नका. पायवरून 'ओपनएसएसएल एस_क्लायंट' ही कमांड 'कनेक्ट' पर्यायासह चालवा. शेवटी पडताळणीचा कोड ० आणि 'ओके' दिसलं तर सर्टिफिकेटची साखळी ठीक आहे. यापुढे बिघडलं तर दोष तुमच्या कोडात, हे तरी नक्की होतं.

पायरी ५ : निरोप कुठे संपतो

सॉकेटच्या खालचा टीसीपी प्रोटोकॉल हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे, त्यात निरोप नावाची वस्तूच नसते. तुम्ही दोनदा पाठवलेलं पलीकडे एकाच 'रिसीव्ह' मध्ये येऊ शकतं, किंवा एकदा पाठवलेलं तीन तुकड्यांत. घरातल्या वायफायवर सगळं नीट चालतं आणि बागेत तुटक येतं, याचं कारण बहुधा हेच. सोपा उपाय म्हणजे दर निरोप एका ओळीत जेसॉन म्हणून लिहा आणि शेवटी नवी ओळ द्या. वाचताना 'रीडलाइन' वापरा. असिंकआयओमध्ये ओळीला मुळात ६४ किलोबाइटची मर्यादा असते, ती तशीच राहू द्या. नाहीतर कोणीही न संपणारी ओळ पाठवून तुमची मेमरी भरून टाकेल.

ओळींऐवजी आधी लांबी पाठवायची पद्धत घेतलीत तर मराठी मजकुरात हमखास ठेच लागते. 'देवगड' या शब्दाची पायथनमधली लांबी ५ येते, पण युटीएफ-८ मध्ये त्याचे १५ बाइट होतात. आधी 'एन्कोड' करा, मग मोजा.

पाठवताना 'सेंड' नको, 'सेंडऑल' घ्या. 'सेंड' थोडेच बाइट पाठवून परत येऊ शकतं. आणि 'सेंडऑल' बिनतक्रार परत आलं म्हणजे आकडा मुंबईला पोचला असंही नाही. तो फक्त तुमच्याच यंत्राच्या बफरमध्ये गेला. म्हणून प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या, सर्व्हरने तो क्रमांक पोच म्हणून परत पाठवावा, आणि पोच येईपर्यंत नोंद पायवर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जपून ठेवा. जून-जुलैत लाईट आणि टॉवर दोन्ही गेले तरी मधले आकडे हरवत नाहीत. पंपाच्या हुकमाला मात्र असं साठवून ठेवू नका. त्यावर वेळेचा शिक्का हवा आणि दोन मिनिटांपेक्षा जुना हुकूम पायने फेकून द्यावा. काल संध्याकाळचा 'पंप चालू' आज पहाटे पोचला तर काय होईल ते सांगायला नको.

जोडणी मेली आहे हे कळणंही सोपं नाही. लिनक्सचं टीसीपी कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का याची चौकशी) चालू केलं तरी पहिली चौकशी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. स्वतःच दर मिनिटाला छोटा 'पिंग' पाठवा. दोनदा उत्तर आलं नाही तर सॉकेट बंद करून नव्याने जोडा. पुन्हा जोडताना थांबण्याचा वेळ वाढवत न्या : दोन सेकंद, चार, आठ, असं पाच मिनिटांपर्यंत, आणि दर वेळी त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. लाईट आली की अख्ख्या वाडीतली उपकरणं एकाच क्षणी जागी होतात, तेव्हा हा मिसळलेला वेळ सर्व्हरला वाचवतो.

पायरी ६ : घड्याळ

कोकणात याचा त्रास सगळ्यात जास्त होतो आणि मार्गदर्शकांत याबद्दल क्वचितच असतं. सर्टिफिकेट खरं की खोटं हे ठरवताना आजची तारीख लागते. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या पायवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. लाईट गेली की वेळ थांबते, आणि आल्यावर तो शेवटची साठवलेली वेळ धरून सुरू होतो. पावसात तीन दिवस लाईट नव्हती आणि त्याच दिवसांत सर्व्हरचं सर्टिफिकेट नवं झालं, तर पायच्या दृष्टीने ते भविष्यातलं असतं. मग 'सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड' अशी चूक येते.

उपाय दोन. प्रोग्राम सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) सेवा म्हणून चालवा, ती 'टाइम-सिंक.टार्गेट' नंतर सुरू होईल असं लिहा आणि 'सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक' ही सेवा चालू करा. तिच्याशिवाय ते टार्गेट खरोखरीची वाट पाहत नाही. दुसरा उपाय म्हणजे घड्याळाचं स्वस्त मॉड्यूल जोडणं. पाय ५ मध्ये घड्याळ आतच आहे, फक्त त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. मॉड्यूल लावलंत तर खाऱ्या हवेत त्याच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तेवढं वर्षातून एकदा पाहा.

पायरी ७ : सर्व्हरला पाय कसा ओळखू येईल

इथवर पायला सर्व्हरची खात्री पटली, सर्व्हरला पायची नाही. सुरुवातीला एक टोकन, म्हणजे दोघांनाच माहीत असलेला गुप्त शब्द, पुरेल. 'सीक्रेट्स.टोकन_हेक्स(३२)' ने ते बनवा, जोडणी झाल्यावर पहिल्या ओळीत पाठवा आणि सर्व्हरवर 'एचमॅक.कम्पेअर_डायजेस्ट' ने ताडून पाहा. साध्या दोन बरोबर-चिन्हांच्या तुलनेत लागणाऱ्या वेळेवरून टोकनचा अंदाज बांधता येऊ शकतो, म्हणून हे फंक्शन.

उपकरणं वाढली की पायलाही सर्टिफिकेट द्या. सर्व्हरच्या कॉन्टेक्स्टवर 'व्हेरिफाय_मोड' ला 'एसएसएल.सर्ट_रिक्वायर्ड' ठेवा, यातला टिंबानंतरचा भाग पूर्ण मोठ्या अक्षरांत. 'लोड_व्हेरिफाय_लोकेशन्स' मध्ये तुमच्या अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट द्या. पायच्या बाजूला 'लोड_सर्ट_चेन' लागेल. टीएलएस १.३ मध्ये एक गंमत होते : सर्व्हरने पायचं सर्टिफिकेट नाकारलं तरी पायला हँडशेक यशस्वी झाल्यासारखा वाटतो आणि चूक पहिल्यांदा वाचायला गेल्यावर उगवते. हे माहीत नसलं की शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

चुका वाचायच्या कशा

'राँग व्हर्जन नंबर' दिसलं तर आवृत्तीच्या मागे लागू नका. बहुधा पलीकडचा पोर्ट टीएलएस बोलतच नाही. 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर' म्हणजे साखळीतली कडी गायब, सर्व्हरवर 'फुलचेन' आहे ना ते पाहा. मॅकवर पायथनच्या संकेतस्थळावरून बसवलं असेल तर त्याच्या फोल्डरमधली 'इन्स्टॉल सर्टिफिकेट्स' ही फाइल एकदा चालवावी लागते. 'होस्टनेम मिसमॅच' म्हणजे तुम्ही दिलेलं नाव सर्टिफिकेटवर नाही. 'आयपी ॲड्रेस मिसमॅच' म्हणजे तुम्ही आयपी पत्त्याने जोडता आहात आणि सर्टिफिकेट डोमेनचं आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि टाइमआउट या दोन्हींचा टीएलएसशी संबंध नाही. पहिल्यात सर्व्हरचा प्रोग्राम बंद असतो, दुसऱ्यात बहुधा फायरवॉल आड येते.

सर्टिफिकेटच्या प्रत्येक चुकीवर इंटरनेटवर एक 'उपाय' सापडतोच : 'चेक_होस्टनेम' फॉल्स करा, 'सर्ट_नन' लावा. चूक जाते, आणि पंप कोणाच्याही हाती जातो. तात्पुरतं म्हणून लावलेलं हे कलम पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतं.

बागेत नेण्याआधी

जोडणी होते हे पाहिलंत. ती जिथे होऊ नये तिथे होत नाही, हेही पाहा. बॅडएसएसएल डॉट कॉम हे संकेतस्थळ मुद्दाम बिघडवलेली सर्टिफिकेटं देतं : 'एक्स्पायर्ड', 'राँग.होस्ट' आणि 'सेल्फ-साइन्ड' ही त्याची तीन उपडोमेनं पायरी २ च्या कोडाला पोर्ट ४४३ वर द्या. तिन्ही वेळा 'एसएसएलसर्टव्हेरिफिकेशनएरर' आलीच पाहिजे. एका जरी ठिकाणी जोडणी झाली तर कॉन्टेक्स्ट कुठेतरी सैल केला गेला आहे, आधी ते शोधा. मग पायचा वायफाय मध्येच बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा आणि सर्व्हरवरच्या क्रमांकांत खंड पडला का ते तपासा. शेवटी पायची वायर काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी लावा आणि लॉगमधली पहिली वेळ घड्याळाशी ताडून पाहा.